भुतांचे तपासनीस

परवा नात टीव्हीवर कसलंसं भुताचं लावून बसली होती. पडद्यावर एक बाई केस मोकळे सोडून जिन्यावरून उतरत होती. नात उशीच्या आड गेली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नखे वाढलेली. कापून यावे." नातीनं उशी खाली केली आणि माझ्याकडे अशी पाहायला लागली की पडद्यावरची बाई बिचारी जिन्यातच राहिली. आता तिला काय सांगणार? वाक्य माझं नाही. ते निमगडे गुरुजींचं आहे, आणि गुरुजींनी ते अशा शेकडो बायांना लाल शाईत लिहून दिलेलं आहे.

चंद्रपूरहून मूलच्या रस्त्याला लागलं, की जरा वेळानं जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्याजवळ येतं. तिथून आत वळलं की एक गाव होतं. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि आता त्यांना वाचताही येतं. त्यातल्या निम्म्यांना मीच शिकवलंय, त्यामुळे मला तक्रारीला जागा नाही. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पहिली ते चौथी शाळा, शिक्षक दोन. हेडमास्तर निमगडे गुरुजी, आणि त्यांच्या हाताखाली मी, वाढई बाई. शाळेमागे एकच चाळवजा घर होतं, त्याच्या एका खोलीत ते, एका खोलीत मी, मधे विटेची भिंत. माझे यजमान चंद्रपूरला नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचे. गुरुजींची बायको वारून बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. चंद्रपूरला एक धाकटा भाऊ होता, आणि भावाकडे टीव्ही होता.

गुरुजी उंच, वाळलेले, शर्ट पांढराशुभ्र. खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. निळ्यानं ते हजेरी लिहीत. लाल पेन बाकीच्या जगासाठी होतं.

त्या काळी शनिवारी रात्री दूरदर्शनवर भुताची एक हिंदी मालिका लागायची. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं, नवं भूत. मालिकेचं खरं नाव आता आठवत नाही. गुरुजींनी ठेवलेलं आठवतं, 'फुसका बार'. शनिवारची सकाळची शाळा सुटली की गुरुजी दुपारची बस धरून चंद्रपूरला जात, भावाकडे तो फुसका बार पाहत, आणि रविवारी संध्याकाळी परत येत. सोमवारी सकाळी पोचूभाऊंच्या चहाच्या टपरीवर, जिथे बस थांबायची तिथे, कुडाच्या भिंतीला एक कागद लागलेला असे.

त्या कागदाचं थोडं सांगायला हवं. शाळा तपासायला वरून साहेब आले की एक नमुना भरायचे. पट किती, हजेरी किती, गणवेश, स्वच्छता, पाठांतर, शिस्त, आणि शेवटी शेरा. गुरुजींना नोकरीत असे शेरे भरपूर मिळालेले होते. त्यांनी तोच नमुना भुतांना लावला. पहिला कागद मला जवळजवळ पाठ आहे.

"भाग: डाकबंगला. पट: भूत एक, माणसे चार. हजेरी: भूत पाऊण भाग संपल्यावर आले. गणवेश: पांढरी साडी, परीटघडीची. मेल्यावर धुलाई कोण करतो, याचा खुलासा नाही. नखे: वाढलेली. कापून यावे. पाठांतर: वाक्य एकच, तेही दोनदा चुकले. शेरा: सुधारणेस भरपूर वाव."

कागद शुद्ध मराठीत, पण तोंडी तपासणी गावाच्या बोलीत चाले. गुरुजी बाकड्यावर पाय दुमडून बसत आणि विचारत, "पोचूभाऊ, आपल्या इकडल्या डाकबंगल्यात मुक्कामाले गेलं तं पयले कोण भेटते?"

"चौकीदार."

"अन् चौकीदार काय मांगते?"

"कोंबडी!" चारपाच जण एकदम ओरडत.

"मंग? ह्या पिक्चरात चौकीदार कंदील घेऊन उभा हाय, चार पावणे आले, अन् हा कोंबडीचं नावच नाई काढत! थोच भूत हाय, लिहून घ्या. साडीवालीच्या मांगं कायले लागता?"

गावात एकानंही ती मालिका पाहिलेली नव्हती. पण दर सोमवारी माणसं पोट धरून हसायची. न पाहिलेल्या भुताला लोक हसतात, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं. गुरुजींना वाटे, हसणारा माणूस भीत नाही, म्हणून हेच खरं शिक्षण. त्यांच्या वडिलांनी छप्पन सालीच घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. "देवच गेले, मंग भुताले कोण घरात घेते?" असं ते म्हणत. म्हणताना आपलं वाक्य कसं लागलं, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत. कारण माणूस मोठा आढ्यताखोर होता. विनोद लागला तर तोच पुन्हा एकदा सांगत. माझा पाठ दाराआड उभं राहून ऐकत आणि मधल्या सुट्टीत सांगत, "बाई, कवितेत हातवारे जास्त. मुलांना माशा हाकलता असं वाटतं." मला त्यांचा फार राग यायचा. हातवारे मी कमी केले, ती गोष्ट वेगळी.

एकदा मात्र त्या कागदानं घात केला. त्या आठवड्याच्या कागदाचा वरचा तुकडा, ज्यावर 'भाग: जळकी हवेली' असं लिहिलं होतं, तो पोचूभाऊंनी भज्यांना वापरून टाकला. उरलेला कागद भिंतीवर तसाच. नेमके त्याच दिवशी शाळा तपासायला साहेब आले, धूर ओकणाऱ्या मोटारसायकलवर, अकरा वाजता. चहाला टपरीवर थांबले आणि समोरचं वाचायला लागले. "हजेरी: उशिरा आले. येताना धूर फार. पाठांतर: काहीच नाही. गावकऱ्यांस भिवविणे यापलीकडे कामगिरी नाही. शेरा: आले तसे परत पाठवावे." आणि खाली सही, मुख्याध्यापक निमगडे.

साहेब चहा टाकून शाळेत आले. काय झालं ते गुरुजींना कळेना आणि साहेबांना सांगता येईना. आठ दिवसांनी लेखी खुलासा मागवणारा कागद आला. गुरुजींनी रात्र जागून उत्तर तयार केलं आणि मला वाचून दाखवलं. "सदर शेरा दूरदर्शनवरील भुताबाबत आहे. साहेबांनी तो स्वतःस लागू का मानला, हे या शाळेस समजलेले नाही. आदेश झाल्यास साहेबांचे व भुताचे वर्णन ताडून पाहून अहवाल सादर करण्यात येईल." मी म्हटलं, गुरुजी, हे पाठवू नका. त्यांनी रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. त्या वर्षी त्यांच्या गोपनीय अहवालात 'उद्धट' असा शब्द पडला. तो शब्द ते शाल-नारळ मिळाल्याच्या थाटात सगळ्यांना सांगत.

आता त्यांच्या पोटाचं. गुरुजींचं पोट अतिशय नाजूक. पाणी उकळून, दोनदा गाळून. भाजी बिनतिखटाची. मूग, भात, ताक, बस. आणि एक नियम: कोणाकडेही जेवायचं नाही. लग्न असो, तेरवी असो, गुरुजी अहेर देऊन, हात जोडून परत. "मी बाहेर जेवत नाही. पोट ऐकत नाही." गावानं तो त्यांचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिला होता. मीही. मला तो नियम कळायला एक दिवाळी जावी लागली. सासूबाई राहायला आल्या होत्या. गुरुजी काही कागद द्यायला दारात आले, मी चहा ठेवला, आणि सासूबाईंनी त्यांच्यासाठी खिडकीच्या कट्ट्यावरचा कान तुटलेला कप काढला. गुरुजींनी कप पाहिला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि हसून म्हणाले, "राहू द्या बाई, पोट ऐकत नाही." मी तिथेच होते, आणि काही बोलले नाही. त्या दिवशी समजलं, की पोट खरंच नाजूक होतं, पण नियम पोटासाठी नव्हता. कोणी नाही म्हणायच्या आधी ते स्वतःच नाही म्हणून मोकळे होत. मला अजूनही त्या कपाची लाज वाटते.

मग गावात टीव्ही आला. ग्रामपंचायतीला सरकारकडून मिळाला. अँटिना उभा करायचा तर चंद्रपूर लांब, पण आमच्याकडे बांबूला काय तोटा? तीन बांबू जोडले, मुंग्या दिसल्या. चार जोडले, मुंग्यांत माणसं दिसली. पाचव्या बांबूला चित्र आलं. वारा सुटला की अँटिना झुले, आणि बातम्या देणारी बाई डावीकडून उजवीकडे वाकून बातम्या देई. शनिवारी रात्री सगळं गाव पंचायतीच्या अंगणात. गुरुजींची चंद्रपूरची फेरी वाचली आणि कागद सोमवारऐवजी रविवारी सकाळीच लागायला लागला. दोन महिने असेच हसण्यात गेले. मग पाऊस लागला, आणि पावसाळ्यातल्या एका शनिवारी तो म्हातारीचा भाग आला.

गोष्ट साधीच. रानाच्या कडेला एकटी म्हातारी. पांढरे केस, हातात काठी. येणाऱ्याजाणाऱ्याला खीर वाढते. जो खातो तो सकाळी मेलेला. शेवटी गावकरी मशाली घेऊन येतात आणि तिचं झोपडं पेटवतात. तेवढ्यावर भाग संपला. बरं झालं, पेटवलं, असा दिग्दर्शकाचा एकंदर सूर.

आमच्या गावातही तळ्याच्या काठी एकटी म्हातारी होती. सोनीबुढी. पांढरे केस, हातात काठी. दोन मुलगे गेलेले. पोरांच्या पोटदुखीवर मुळ्या उगाळून द्यायची. त्या पावसाळ्यात गावातली दोन गुरं मेली होती, आणि पोचूभाऊंची नात चिमी आठ दिवस तापानं फणफणली होती. चिमीनं बुढीच्या हातचा गुळाचा खडा खाल्ला होता. कुजबुज आधीपासूनच होती, पण कुजबुजीला चेहरा नव्हता. तो त्या रात्री टीव्हीनं दिला.

रविवारी सकाळी बोअरिंगवर बुढी पाण्याला आली, तर बायांनी तिचा गुंड, पाणी भरायचं भांडं, उचलून बाजूला ठेवला. तिनं तो तसाच रिकामा परत नेला. आणि टपरीवर गुरुजी कागद लावून बसले, तर पहिल्यांदाच कोणी हसेना.

"काय झालं रे?" गुरुजींनी विचारलं. "म्हातारी पंचवीस वर्साची हाय, डोस्क्याले पीठ फासलं तिच्या. चुलीत जाळ नाई अन् खीर तयार! दिसलं नाई तुमाले?"

पोचूभाऊ स्टोव्हला पंप मारत होते. वर न पाहता म्हणाले, "गुरुजी, आज हासाले नाई येऊन राह्यलं."

"काऊन?"

"आतापावतर तुमी सांगाचे अन् आमी आयकाचो. काल आमी आपल्या डोळ्यानं पाह्यलं."

"नटी पाह्यली तुमी, पोचूभाऊ!"

"आमच्या चिमीनं बुढीच्या हातचं खाल्लं. ताप नाई उतरत."

"तिले चंद्रपूरले दवाखान्यात ने म्हणून मी चार दिसापासून सांगून राह्यलो."

"नेऊ ना जी. पण पयले मंगळवारी नदीपल्याडचा बाबा येऊन राह्यला, बुढीले पाहाले."

पाहायला म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. आदल्याच वर्षी नदीपलीकडे अशाच एका बाईला त्या बाबानं पाहिलं होतं आणि गावानं दगडानं तिचे दात पाडले होते. दात नसले की मंतर नीट म्हणता येत नाही, म्हणून.

गुरुजी उठले. भिंतीवरचा कागद त्यांनी स्वतःच्या हातानं काढला. तसं ते आधी कधी करत नसत. घरी आले, आपली जेवणाची थाळी घेतली आणि माझ्या दारात येऊन म्हणाले, "बाई, चला."

"कुठे?"

"प्रत्यक्ष पडताळणीला."

गुरुजी थाळी घेऊन भर गावातून चालले आहेत म्हटल्यावर मागे माणसं लागली. तळ्याशी पोचेपर्यंत चाळीसेक झाली. बुढी दारातच बसली होती. गर्दी पाहून ती काठी घेऊन उभी राहिली आणि भिंतीला टेकली. तिला वाटलं, मंगळवार आजच आला.

"सोनाबाई," गुरुजी म्हणाले, "काय रांधलं?"

बुढीला आधी ऐकूच आलं नाही. मग म्हणाली, "वास्ते हायेत जी." वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात आमच्याकडे आवडीनं खातात. पचायला जड, आणि बुढीच्या हातचे म्हणजे वर लाल मिरचीचा तवंग.

"वाढा."

"तुमाले? तुमी तं कोणाकडंच नाई जेवत गुरुजी."

"आज भूक लागली."

ती आत गेली. गुरुजी अंगणात, सगळ्यांना दिसेल असे मांडी घालून बसले. हातातली थाळी त्यांनी पुढ्यात ठेवली, जरा वेळ तिच्याकडे पाहिलं, आणि पालथी घालून बाजूला सारली. बुढीच्या पोचे पडलेल्या जर्मनच्या थाळीत ते जेवले. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्याला नाकातून. बुढीचा धीर वाढत गेला, कारण तिच्या हातचं कोणी खाऊन किती वर्षं झाली होती कोणास ठाऊक. "आखीन घ्या ना जी," म्हणून तिनं पुन्हा वाढलं, आणि गुरुजींनी ते पुन्हा खाल्लं. मी मनात म्हणत होते, मेले हे आता.

हात धुऊन गुरुजी पोचूभाऊंकडे वळले. "बोला."

पोचूभाऊंनी चारी बाजूंना पाहिलं. "उद्या सांजेपावतर पाहू. तुमी धड राह्यले तं बाबाले नाई बोलवत. पण तुमाले जर काई झालं..."

"काई होत नाई," गुरुजी म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता झपझप घरी चालले.

पहाटे भिंतीवर टकटक झाली. "बाई, ओवा आहे का?"

"किती देऊ?"

"असेल तेवढा."

आमच्या गावात सकाळी सगळेच लोटा घेऊन नाल्याकडे जात, आणि नाल्याची वाट टपरीवरून होती. कोण किती वेळा गेलं हे कोणी मोजत नसे, पण सगळ्यांना माहीत असे. गुरुजी एकदा गेले तर ठीक, दुसऱ्यांदा लोटा दिसला की बुढी संपली. आणि गुरुजींची गरज तर दोन-चारवर भागणारी नव्हती. त्यात पोचूभाऊ टपरी बंद ठेवून चार जणांना घेऊन उजाडल्यापासून शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर बसलेले, डोळे गुरुजींवर.

शाळेला सरकारनं एक संडास बांधून दिला होता. बांधल्यापासून तो संडास म्हणून कोणी वापरला नव्हता. त्यात आम्ही ढोल, लेझमी आणि जुने नकाशे ठेवायचो. प्रार्थना झाली. गुरुजी फळ्यापाशी उभे, कपाळावर घामाचे थेंब. हळूच म्हणाले, "बाई, आज लेझीम घ्या."

"पहिल्या तासाला?"

"आत्ता. ढोल जोरात वाजवायला सांगा."

मग काय! संडासाचं कुलूप उघडलं, ढोल बाहेर आला, लेझमी बाहेर आल्या, पोरं अंगणात रांगेत, आणि 'उरलेल्या लेझमी मोजायला' हेडमास्तर आत गेले. ढोल असा घुमला की आत काय चाललंय ते आतल्या माणसालाही ऐकू येऊ नये. कुंपणावरची पाचही माणसं पोरांची लेझीम पाहण्यात दंग. दहा मिनिटांनी गुरुजी एक लेझीम हातात घेऊन बाहेर आले आणि गंभीरपणे म्हणाले, "एक मोडली आहे."

चौथीला भागाकार सुरू झाला. बाकी उरण्याच्या आधीच गुरुजींनी खडू वर केला. मला ठरलेली खूण ती. "पोरांनो, लेझीम!" तिसऱ्या खेपेला त्यांनी घाम पुसायला फळ्याचं फडकं वापरलं आणि सगळं तोंड पांढरं झालं. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, त्यांच्याच नमुन्यात बसेल असं ध्यान! मला हसू फुटत होतं आणि रडूही. भिंतीवरून पोचूभाऊंनी विचारलं, "गुरुजी, तोंड पांढरं काऊन दिसून राह्यलं?"

"खडू," गुरुजी म्हणाले.

"आखीन लेझीम, बाई?" चौथ्या खेपेला दुसरीची एक पोरगी रडवेली होऊन म्हणाली. मी म्हटलं, आखीन. तिच्या हातांना फोड आले होते. तिला मी नंतर चार शेंगदाण्याचे लाडू दिले. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी पोचूभाऊंनी टपरी उघडली, तेव्हा गुरुजी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, ताठ तिथे गेले. मी मागे होते. पाय लटपटत होते ते फक्त मला दिसत होतं. त्यांनी दुधाचा चहा मागवला, सगळ्यांसमोर कप संपवला, आणि खिशातून कागद काढून भिंतीला लावला. पोचूभाऊंनी तो मोठ्यानं वाचला.

"भाग: म्हातारी. प्रत्यक्ष पडताळणी केली. चूल: जाळ होता. जेवण: भात व वास्ते. जेवणारा: जिवंत. भाजीत मीठ जास्त. शेरा: भाग नापास."

कोणी हसलं नाही. तेवढ्यात लांब बोअरिंगपाशी गुंड घेऊन उभी असलेली सोनीबुढी काठी आपटत ओरडली, "मीठ बराबर होतं! गुरुजीले सवय नाई, मून लागलं!"

आणि हसणं फुटलं. पोचूभाऊ हसले, बाया हसल्या. एकीनं बुढीचा गुंड तोटीखाली ठेवून बोअरिंगचा दांडा हापसायला घेतला. बाबाला नको म्हणून निरोप गेला. मंगळवारी गुरुजी स्वतः चिमीला आणि पोचूभाऊंना घेऊन चंद्रपूरच्या दवाखान्यात गेले. मलेरिया निघाला. गोळ्यांनी उतरला.

गाव शहाणं झालं असं वाटत असेल तर तसं नाही. आठवड्याभरात सगळीकडे एकच बोलणं: गुरुजीकडं बुढीपेक्षा मोठा मंतर हाय. पोटात घेऊन जिरवला! एक जण आटलेल्या म्हशीचं दावं घेऊन आला, फुंकर मारून द्या म्हणून. गुरुजी त्याला हाकलून माझ्या दारात आले. "बाई, वीस वर्षं शिकवलं या माणसांना. वीस वर्षं! आणि मी मांत्रिक?"

मी म्हटलं, "मग सांगा ना खरं. त्या दिवशी काय झालं ते सगळं. लेझमीचं पण."

ते उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "सांगितलं तर बुढीचे दात जातात."

आणि नाही सांगितलं. सगळ्या जगाच्या चुका लाल शाईत काढणाऱ्या माणसानं ही एक चूक तशीच राहू दिली. मी आत जाऊन चहा केला आणि माझ्या कपात, मी रोज पिते त्या कपात, त्यांना दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं, प्यायले, आणि म्हणाले, "साखर कमी." मला इतकं बरं वाटलं की मी आणखी दोन चमचे घातली.

पुढल्या शनिवारपासून तपासणी पुन्हा सुरू झाली. भुतं पुन्हा नापास व्हायला लागली, माणसं पुन्हा हसायला लागली. फक्त हसण्याआधी आता एकदा गुरुजींना हात जोडायची. त्याचा गुरुजींना मरणाचा राग यायचा. आणि दर रविवारी सोनीबुढी फडक्यात झाकून काहीतरी रांधलेलं आणायची आणि ते खाऊन होईपर्यंत समोर बसायची. गाव पाहत असायचं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. रविवारी रात्री भिंतीवर टकटक व्हायची. मी यजमानांना चंद्रपूरहून ओवा किलोनं आणायला सांगायची. त्यांना वाटायचं, मी धंदा काढलाय.

दीड वर्षानं गुरुजी निवृत्त झाले. भावाकडे चंद्रपूरला जाणार होते. शाळेत हार झाला, पोरांनी लेझीम केली, आणि ढोल वाजला तेव्हा गुरुजींनी आणि मी एकमेकांकडे पाहायचं टाळलं. टपरीवर सगळं गाव. बस आली. गुरुजी खिडकीशी बसले, मांडीवर ट्रंक. तेवढ्यात गर्दीतून सोनीबुढी काठी टेकत आली आणि तिनं खिडकीतून एक डबा आत दिला.

"वास्ते हायेत," ती म्हणाली. "मीठ कमी टाकलं."

"घरी जाऊन खातो, सोनाबाई."

"आत्ताच पाहा ना जी, मीठ बराबर हाय का."

गुरुजींनी गर्दीकडे पाहिलं. पोचूभाऊ, बाया, पोरं, सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि ट्रंकेवर डबा ठेवून, झाकण काढून, खायला सुरुवात केली. कंडक्टरनं घंटा दिली. बस निघाली, आणि वळणाआड जाईपर्यंत मला खिडकीत गुरुजी दिसत होते. एका हातानं खात होते, आणि दुसरा हात बाहेर काढून बुढीला खूण करत होते, की मीठ बरोबर आहे. चंद्रपूर तिथून दीड तास होतं, आणि ती बस मधे कुठेही थांबत नसे.